नकाशात आलेलं शेत

बाई, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं तरी झाली असतील आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. तुम्ही होतात तेव्हाही कधी पत्र लिहिलं नाही, बंगलोरहून एकदा दिवाळीचं कार्ड पाठवलं होतं तेवढंच. आज सकाळी नवरा ऑफिसला गेला, मुलगी सायकलवरून शाळेला गेली, मला कामावर सुट्टी होती. भांडी विसळताना लक्षात आलं की गेले काही महिने आमच्याकडे जे चाललंय ते मी मनातल्या मनात तुम्हालाच सांगत होते. इतर कुणाला सांगायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि आता समजावण्याचाच कंटाळा आलाय. तुम्हाला निदान अर्धं तरी समजावावं लागणार नाही.

आम्ही नेदरलँड्सच्या दक्षिणेला असतो, फेल्डहोवन नावाच्या गावात. चिप बनवणारी मोठमोठी यंत्रं इथे तयार होतात, नवरा त्या कंपनीत इंजिनियर आहे. मी आले ती त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून. पहिली दोन वर्षं भाषा शिकण्यात आणि मुलीला शाळेत रुळवण्यात गेली. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं. मग इथल्या खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, मला अर्धवेळ काम मिळालं. इथे घरं बांधायची किंवा रस्ता काढायचा झाला तर आधी जमीन तपासतात आणि त्यातून जे निघतं ते सगळं एका शेडमध्ये येतं. ती खापरं मी धुते, वाळवते, त्यांवर नंबर घालते, पिशव्यांत भरते. तुमच्या हाताखाली एम.ए.च्या पहिल्या वर्षाला जे करत होते तेच, चाळिशी उलटल्यावर पुन्हा. माझ्या साहेबीणबाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान आहेत. हुशार आहेत, सरळ आहेत, आणि त्यांना माझं अपूर्ण राहिलेलं पीएच.डी. ठाऊक आहे. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत, हे त्यांचं मला आवडतं.

शेडमधल्या ओल्या खापरांचा वास आला की तुमचं स्वयंपाकघर आठवतं. ओट्याच्या एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रावर वाळत घातलेली खापरं, आणि मधे पोह्यांची कढई. लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याला मी तिथेच घेऊन आले होते. तुम्ही त्याच्या हातात बशीऐवजी एका मडक्याचा अर्धा भाग दिलात आणि म्हणालात, धर जरा, चिकटवलेलं सुकेपर्यंत. तो बिचारा तासभर ते धरून बसला. मधेच तुम्ही विचारलंत, "हिला पुढे शिकू देणार का तू?" तो म्हणाला, "ती मला विचारत नाही हो." तुम्ही हसलात. लग्नात तुम्ही मला प्रेशर कुकर दिलात आणि म्हणालात, पुस्तकं तू स्वतः घेशील, हे कुणी देणार नाही. कुकर अजून चालतो. पुस्तकं फारशी घेतली गेली नाहीत.

आणि घोडनदीच्या काठचं ते उत्खनन. जुन्या वस्तीचं पांढरीचं टेकाड, जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन रांजण, आत पुरलेलं लहान मूल. मी खंदकात गुडघ्यांवर बसले आहे, ब्रशने माती सारते आहे, आणि मातीत एक तांबडा मणी चमकतो. मी तो उचलून तळहातावर घेते आणि तुम्हाला हाक मारते. तुम्ही वरून वाकून बघता. रागावता असंही नाही, चेहरा एकदम दमलेला दिसतो. "कुठे होता?" मी बोट दाखवते, पण मला नीट सांगता येत नाही. मानेपाशी की हातापाशी, वर की खाली. तुम्ही म्हणता, "आता हा नुसता मणी आहे." एवढंच, आणि पुढच्या खंदकाकडे निघून जाता. त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हा मला वाटलं, तुम्ही फार कठोर आहात. आता वाटतं, तुम्ही फक्त उन्हाने थकला होतात.

तर नवऱ्याचं सांगते. इथे आल्यापासून तो हळूहळू गप्प होत गेला. काम चांगलं चाललं होतं, पण कामाबाहेर त्याला कुणी नव्हतं. शनिवार-रविवार तो सोफ्यावर बसून पुण्याला फोन करायचा आणि फोन झाला की तसाच बसून राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या विभागातल्या एकाने त्याला आपल्यासोबत शेतात नेलं. हा मित्र इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला, उंच, लाल गालांचा, मोठ्याने बोलणारा माणूस. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. मक्याची कापणी झाली की मोकळ्या रानात ते यंत्र जमिनीलगत हलवत सावकाश चालायचं, वाजलं की वीतभर खणायचं. तीन महिन्यांत आमच्या घरातही एक डिटेक्टर आला. मी काय बोलणार होते? माझा नवरा चिखलाचे बूट घालून, थंडीने नाक लाल करून घरी यायचा आणि जेवताना बोलायचा. गणवेशाची बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, कापडाच्या गाठोड्यांवर लावायची शिशाची मोहर. मुलगी त्या गोळ्या शाळेत घेऊन गेली. बाप-लेक कितीतरी दिवसांनी एकमेकांशी काहीतरी बोलत होते, एक मराठीत, एक डचमध्ये.

तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी ते यंत्र बाहेर काढायला लावलं असतंत, हे मला माहीत आहे. पण इथे त्याबद्दल सगळंच धूसर आहे. कायद्याने परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही. आता डिटेक्टरवाल्याने कुदळीने काढलेला छोटा खड्डा हे उत्खनन आहे की नाही, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात आणि तोवर सगळे काणाडोळा करतात. सापडलेली वस्तू कळवायची हा नियम आहे, कळवणारे कळवतात. आता देशाचा नवा कायदा येऊ घातलाय, म्हणून प्रत्येक खेमेंतेला आपलं काय ते ठरवायचं आहे. माझ्या साहेबीणबाईंचं मत होतं की काही शेतांवर डिटेक्टरला सरळ बंदी घालावी. नवऱ्याच्या मित्राचं म्हणणं होतं की आम्ही उचललं नाही तर नांगर आणि खत ते खाऊन टाकतं. दोघांचंही बोलणं मी ऐकायचे, कामावर एक, घरच्या चहाला दुसरं, आणि दोघांनाही हो म्हणायचे. कारण दोघांचंही थोडंथोडं खरं होतं.

गेल्या शरदात एका रविवारी दुपारी नवरा आला आणि आइस्क्रीमचा जुना डबा टेबलावर ठेवला. आत ओली माती, आणि मातीत हिरवट पडलेली ब्राँझची पिन. पक्ष्यासारखा आकार, डोळ्याच्या जागी लाल काचेचा तुकडा. खाली अजून एक, तशीच. तो म्हणाला, आधी जेवायला वाढ, मग सांगतो. मी वाढलं, पण मला राहवलं नाही.

"किती खोल होतं?"

"कोपरापर्यंत हात गेला. आवाज थांबतच नव्हता."

"माती कशी होती?"

"काळपट. आजूबाजूला सगळी पिवळी वाळू आणि तिथेच लांबट काळपट."

मी खुर्चीवर बसले. "अरे, ते पुरलेलं माणूस आहे. पिनांची जोडी आहे म्हणजे बाई बहुतेक."

"एकही हाड नव्हतं."

"इथल्या वाळूत हाड राहत नाही. फक्त डाग राहतो."

त्याने घास खाली ठेवला, उठून पुन्हा हात धुतले, साबण लावून, बराच वेळ. मुलीने डचमध्ये विचारलं की कुणाची आहे मग ती, शेतकऱ्याची, बाबाची की त्या बाईची. मी डब्यावर झाकण लावलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. ते शेत मित्राच्या काकांचं. कळवलं तर खोल नांगरता येणार नाही, उद्या विकायचं म्हटलं तर अडचण, अशी काकांना भीती. मित्र म्हणाला, मातीत परत घालू आणि विसरून जाऊ. मी म्हटलं, परत घालून ते परत जात नाही. नवरा दोघांच्या मधे. एका संध्याकाळी त्याने मला शांतपणे सांगितलं, "इथे ऑफिसबाहेर मला ओळखणारा हा एकच माणूस आहे." त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "बाईंनी काय केलं असतं, सांग." तो म्हणाला, "बाई इथे राहत नाहीत."

पण त्या शुक्रवारी नवरा स्वतःच तो डबा घेऊन आमच्या शेडवर आला. मित्राला आधी तोंडावर सांगून आला होता. साहेबीणबाईंना त्याने त्याच्या अडखळत्या डचमध्ये सगळं सांगितलं, शेत, खोली, मातीचा रंग. आपण खणायला नको होतं तितकं खणलं, हेही. मी बाजूला उभी राहून खापरं पुसत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. बाई, लग्नाला इतकी वर्षं झाली, असा अभिमान फार वेळा वाटला नव्हता. साहेबीणबाईंनी त्याला कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शेतावर गेल्या, काकांना भेटल्या, त्यांची समजूत काढली. मीही गेले होते. शेताच्या कडेला उभं राहून त्या म्हणाल्या की ही एकटी नसणार, इथे अख्खं दफनस्थान असेल, पण इथे काही बांधायचं नाही, म्हणून खणायचंही नाही. जिथे आहे तिथे राहू दे, आपल्यानंतर जे येतील त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील. मला वाटलं, तुम्हीच बोलताय. टेकाडाचा अर्धा भाग तुम्ही असाच न खणता सोडला होतात, आणि आम्ही सगळे हिरमुसलो होतो.

पुढे जे झालं त्यात कुणाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही, म्हणून तर जास्त थकायला होतं. बंदीचा मसुदा तयार झाला. मसुद्याला नकाशा जोडलेला होता, आणि लोकांना हरकती घेता याव्यात म्हणून तो नकाशा प्रसिद्ध करावा लागतो. घरोघरी फुकट येणाऱ्या गावच्या साप्ताहिकात तो छापून आला. पूर्वी नकाशात नसलेलं एक शेत आता तिरक्या रेघांनी आखलेलं होतं. नवऱ्याने तो अंक दाराशी उचलला, उभ्या उभ्या पाहिला आणि घडी करून ठेवून दिला.

आठ-दहा दिवसांनी सकाळी मित्राचा फोन आला. मी आणि साहेबीणबाई सायकलींवरून तिथे पोचलो तेव्हा काका शेताच्या बांधावर हात खिशात घालून उभे होते. सगळीकडे खड्डे. घाईने काढलेले, खोल, वेडेवाकडे. पिवळ्या वाळूवर काळी माती फेकलेली. काकांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून फेकलेली माती बोटांनी चाळायला लागलो. धातू सगळा गेला होता. डिटेक्टरला काच ऐकू येत नाही, म्हणून मणी तेवढे उरले होते. पिवळे, तांबडे, एक निळा. हाडं विरली तरी टिकणारं दातांवरचं कवच निघालं, मोत्याच्या टरफलासारखं. कुठला मणी कुणाचा, कुठल्या दातांजवळचा, काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं. आम्ही ते सगळं एका पिशवीत भरलं. पिशवीवर काय लिहायचं, म्हणून साहेबीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग काही न लिहिताच ती तशीच बंद केली. त्या रडत होत्या. मला रडू आलं नाही, पाठ फार दुखत होती.

घरी नवऱ्याने विचारलं, किती खड्डे. मी म्हटलं, मोजले नाहीत. तो म्हणाला, "मग सांगून काय मिळालं?" रागाने नाही, खरंच विचारत होता. 

मग गावच्या सभागृहात बैठक झाली. एका बाजूला डिटेक्टरवाले, बहुतेक निवृत्त माणसं, जाकिटं न काढता बसलेली. दुसऱ्या बाजूला पुरातत्त्ववाले आणि इतिहास मंडळाचे लोक. मधे कॉफीचं टेबल. नवरा आणि मी मागच्या रांगेत, दोन बाजूंच्या अगदी मधे, कारण कुठे बसावं ते आम्हाला कळलं नाही. मित्र उठून म्हणाला, "आम्ही कळवलं नसतं तर ते आजही जमिनीत असतं." साहेबीणबाई म्हणाल्या, "तुमची यंत्रं नसती तरीही ते आज जमिनीतच असतं." आणि मग तासभर हीच दोन वाक्यं वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या आवाजात बोलत राहिली. ते एकच शेत दोघांनीही आपापला पुरावा म्हणून वापरलं. त्यात पुरलेल्या माणसांबद्दल कुणी बोललं नाही.

अध्यक्षांना माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं असावं, त्यांनी मला विचारलं की तुमच्या देशात हे कसं करतात. मी उठले. माझं डच अशा वेळी फार साधं होतं. मी म्हटलं की आमच्याकडे कायदा फार कडक आहे, परवानगीशिवाय कुणालाच खणता येत नाही. तरी गावोगाव जुन्या वस्तीची टेकाडं लोक बैलगाड्यांनी उपसून नेतात, कारण ती माती शेताला चांगली. बरेच जण ते वाईट हेतूने करत नाहीत. माझ्या बाई गावात जाऊन लोकांना चहाला बोलवायच्या, खंदकात उतरवून दाखवायच्या. काही गावांनी त्यांचं ऐकलं, काहींनी नाही. एवढं बोलून मी बसले. आधी डिटेक्टरवाल्यांनी माना डोलावल्या, मग पुरातत्त्ववाल्यांनीही. दोघांनाही वाटलं, मी त्यांच्या बाजूने बोलले. नवरा माझ्या कानाशी मराठीत म्हणाला, "चल, जाऊ या का?" आणि आम्ही निघालो.

बंदी मंजूर झाली. ते शेतही तिच्यात आहे. आता तिथे यंत्र घेऊन जायला मनाई आहे आणि आता तिथे काही उरलेलं नाही. चोर सापडले नाहीत. मित्र ऑफिसात नवऱ्याशी कामाचं बोलतो, बाकी काही बोलत नाही. इथल्या गावच्या जत्रेच्या वेळी तो दरवर्षी आम्हाला घरी बोलवायचा, यंदा बोलावलं नाही. नवऱ्याने डिटेक्टर जिन्याखाली ठेवून दिला आणि पुन्हा शनिवारी सोफ्यावर बसायला लागला, पुण्याचा फोन झाला की तसाच. साहेबीणबाईंनी दुसऱ्या गावी नोकरी घेतली. जाताना त्या मला म्हणाल्या की तुमच्या नवऱ्याने योग्य तेच केलं. मी हे घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हं."

मी फार दिवस तुमच्यावर चिडले होते, बाई. योग्य काय ते तुम्ही शिकवलंत, पण योग्य केल्यावर असं झालं तर घरी संध्याकाळी काय बोलायचं ते शिकवलं नाहीत. कदाचित तुम्हालाही ते माहीत नसेल. तुम्ही न खणता सोडलेला तो अर्धा भाग तुमच्यानंतर कुणी नेला की तसाच राहिला, मला ठाऊक नाही, आणि कुणाला विचारायची हिंमत होत नाही. तुम्हाला तरी शेवटपर्यंत ठाऊक होतं का?

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. त्याचं कारण मागच्या रविवारी घडलं. मीच नवऱ्याला म्हटलं, काढ ते यंत्र, समुद्रावर जाऊ. किनाऱ्यावरच्या वाळूत कुणाला पुरलेलं नसतं, ती भरतीसरशी बदलते, तिथे कुणाची हरकत नाही. तो आधी नाहीच म्हणाला. मग आम्ही तिघं दोन तास गाडी चालवून गेलो. वारा एवढा की बोलणं ऐकू येईना. पहिल्यांदा त्याने चालवलं, मग मुलीने, मग तो म्हणाला, तू घे. मी कधी हात लावला नव्हता. कानांवर ते हेडफोन चढवले आणि वाळूवरून यंत्र फिरवत चालू लागले, आणि ते वाजलं. वाकून मी हातांनीच खणलं. बाटलीचं बूच होतं, गंजलेलं. मी ते उचलून तळहातावर घेतलं, कुठे होतं, किती खोल होतं, काही पाहिलं नाही, आणि नवऱ्याला हाक मारली. बाई, मला फार आनंद झाला होता.